कानामागची जागा

१

मुलाला घेऊन आलेली आई खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची, "अहो, अजिबात ऐकत नाही हा." त्यावर बाईंचा प्रश्न ठरलेला असे. "ऐकू येत नाही, की ऐकत नाही?" निम्म्या आया इथेच हसायच्या, आणि ज्या हसायच्या त्यांच्या मुलांचे कान ठणठणीत निघायचे, हे बाईंना चौदा वर्षांच्या नोकरीत पाठ झालं होतं.

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे त्यांची खोली. खोलीच्या आत आणखी एक खोली होती, बूथ. भिंतींना भोकाभोकांचे जाड तक्ते, वीतभर जाडीचं दार आणि दुहेरी काचेची एक खिडकी. आत एक खुर्ची, हेडफोन आणि दाबायचं बटण. बाहेर टेबलावर मशीन आणि मशीनवर हिरवा दिवा. बाई बाहेरून बारीक सूर सोडणार, आतल्या पोरानं तो ऐकला की बटण दाबायचं, आणि बटण दाबलं की दिवा लागणार. सूर असेल तर दिवा, सूर नसेल तर अंधार. इतकं सरळ काम जगात दुसरं नसेल असं त्यांना वाटे. इस्पितळात त्यांना कुणी नावानं ओळखत नसे, सगळे कानवाल्या बाई म्हणत.

आता गंमत बघा, कानवाल्या बाईंच्याच घरात कानांचं दुखणं. मुलगी नऊ वर्षांची. कान बापावर गेलेले, म्हणजे डोक्यापासून फटकून उभे, मागून उजेड आला तर लाल दिसणारे. बापानंच लाडानं तिचं नाव सुपली ठेवलं होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. "एकानं कान बघायचे, एकानं डोळे," तो म्हणायचा, "नाक तेवढं शेजाऱ्यांना दिलंय खुपसायला." बाईंचे स्वतःचे कान मात्र डोक्याला चिकटून बसलेले, नेटके. लहानपणी त्यांची आई चारचौघांत सांगायची, आमची ही एका हाकेची मुलगी आहे.

सुपली तीन हाकांची होती. पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक तिला ऐकू यायची, दर वाढदिवसाला बाई तिला बूथमध्ये बसवून खात्री करून घ्यायच्या. पण जेवायला बोलवा, अभ्यासाला बोलवा, पहिली हाक वाया, दुसरी वाया, तिसरीला आवाज चढवला की मग स्वारी हलणार.

"सगळं मेलं कानामागे टाकते ही," बाई वैतागायच्या.

"मागे एवढी ऐसपैस जागा आहे," नवरा म्हणायचा, "टाकणारच."

मग एक दिवस सुपली शाळेतून आली ती डोक्याला रुमाल बांधून. वर्गाचा फोटो होता म्हणून तिनं पुठ्ठे चिकटवायची जाड पट्टी लावून दोन्ही कान मागे डकवले होते, आणि फोटो झाल्यावर ओढून काढताना कातडीही सोबत निघाली होती. बाईंनी जखमेवर औषध लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. दुसऱ्या दिवशी त्या जिना चढून सर्जनकडे गेल्या.

२

सर्जननी पट्टी घेऊन मोजलं. डावा कान डोक्यापासून एकतीस मिलिमीटर, उजवा एकोणतीस.

"सतरावर आणू," ते म्हणाले. "मागून छेद घ्यायचा, आतलं लवचिक हाड असतं ना, मऊ, ते वळवायचं आणि दोऱ्यानं कायमचं धरून ठेवायचं. तास-दीड तासाचं काम."

"चष्म्याची काडी तरी मावेल ना मागे?" नवऱ्यानं विचारलं. तो सही करायला तयार नव्हता. तेच कान घेऊन आपण चाळीस वर्षं जगलो, लग्न झालं, काय अडलं, असं त्याचं म्हणणं. पण लेकीच्या कानामागची खपली त्यानंही बघितली होती.

"काडी मावेल," सर्जन हसून म्हणाले. "बाकी काही मावणार नाही."

सही झाली, ऑपरेशन झालं. आठ दिवस डोक्याला गच्च बँडेज, मग रात्रंदिवस घालायची लवचिक पट्टी. बँडेज सुटलं त्या दिवशी सुपलीनं आरशात एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून, आणि अशी हसली की बाईंना वाटलं, आयुष्यात एक काम तरी आपण बरोबर केलं.

त्या दिवशी ताटं वाढून बाईंनी सवयीनं पहिली हाक मारली आणि दुसरीसाठी श्वास घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला. "ओ, आले."

सुपली दारात उभी होती. हात धुतलेले, पट्टी सरळ केलेली.

"डॉक्टरनं टाक्यांबरोबर अक्कल पण घातली की काय," नवरा म्हणाला. बाई हसल्या. खरं सांगायचं तर कान सरळ झाल्याचा त्यांना जेवढा आनंद झाला होता त्याहून हा आनंद मोठा होता. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांनी चार जणींना सांगितलं, आमची आता ऐकते हो.

३

शनिवारी दुपारी सुपली जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. बाई शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"ओ," सुपली म्हणाली. खडू खाली ठेवला, उठली आणि बोळात गेली.

बाईंनी दोन घड्या घातल्या. मग उठून बघितलं. सुपली बोळाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी होती, शिक्षकांनी बोलावल्यावर उभं राहतात तशी. जरा वेळानं परत आली आणि निळा खडू उचलला.

"कुठे गेली होतीस?"

"हाक मारली ना."

"कुणी?"

सुपलीनं खांदे उडवले. खालच्या मजल्यावर मुलं खेळत असतील, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. ऑपरेशननंतर कानात रक्त साकळतं, सूज असते, आवाजाची दिशा चुकते. त्यांनी अशी शंभर पोरं बघितली होती. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि हे कारण तर त्यांच्याच खात्यातलं होतं.

सोमवारी ती घराच्या दाराशी उभी सापडली, चपला घालून. बुधवारी जिन्याच्या पहिल्या वळणावर. शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वेळी भरदिवसा, प्रत्येक वेळी एक "ओ," आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा नऊ पायऱ्या खाली. पायऱ्या बाईंनीच मोजल्या, मोजण्याची सवय होती म्हणून. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, खालपर्यंत चोपन्न पायऱ्या. जिना संपतो तिथे पंपाची खोली होती, आणि पंपाच्या खोलीत जमिनीखालची पाण्याची टाकी. टाकीवर लोखंडी झाकण होतं. साफसफाईला दोन गडी लागायचे ते सरकवायला.

अडवलं तर सुपली हट्ट करत नसे. हात धरला की थांबायची, घरात आणलं की यायची. पोर कुणाचाच शब्द मोडत नव्हती, बाईंचाही नाही.

"नऊ वर्षांची आहे, जिन्यात खेळते," नवरा म्हणाला. पण त्या रविवारी तो खाली जाऊन पंपाच्या खोलीला कुलूप लावून आला. वर आला तेव्हा नेहमीचा विनोद त्याच्याकडे नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. झाकण नीट बसलेलं नव्हतं. चार बोटं उघडं होतं."

४

दुसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत, पेशंट नसताना, बाईंनी लेकीला बूथमध्ये बसवलं. डोक्यावरची पट्टी काढून हळूच हेडफोन घातले, हातात बटण दिलं. जाड दार लावलं की बूथमध्ये स्वतःचं गिळलेलंही ऐकू येतं, इतकी शांतता असते. काचेतून सुपली दिसत होती, गुडघे जुळवून बसलेली.

सूर दिला, दिवा लागला. आणखी बारीक दिला, दिवा लागला. उजवा कान, डावा कान, दोन्ही लख्ख. बाईंनी निःश्वास टाकला आणि कागदावर खुणा करायला हात मशीनवरून उचलला.

दिवा लागला.

त्यांनी मशीनकडे बघितलं. सूर बंद होता. दिवा विझला. पोरं कंटाळली की उगाच बटण दाबतात, रोजचंच. त्या थांबल्या. मनात आकडे मोजले. सात झाले आणि दिवा लागला. पुन्हा सात, पुन्हा दिवा. कंटाळलेल्या पोराला इतकं मोजून दाबता येत नाही. पलीकडून दुसरंच कुणी तिची तपासणी घेत असावं, तसं चाललं होतं.

बाईंनी हेडफोनमध्ये तो सूं-सूं आवाज सोडला, एका कानाचं दुसऱ्याला कळू नये म्हणून सोडतात तो. वाढवत वाढवत इतका नेला की त्यात शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही बुडालं असतं. सात आकडे, दिवा. सात आकडे, दिवा. बाहेरून येणारा कुठलाही आवाज या आवाजातून पलीकडे जात नाही. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता.

त्या दार उघडून आत गेल्या, हेडफोन काढले आणि लेकीसमोर उकिडव्या बसल्या.

"सुपले, कशासाठी दाबतेस गं बटण?"

"ऐकू आलं की दाबायचं ना?"

"काय ऐकू येतं?"

"हाक." सुपलीनं पाय हलवले. "आधीपण यायची. लहानपणापासून. पण मी कानामागे टाकायचे." मग तिनं बोट उचलून नव्या कानाच्या मागे घालून दाखवलं, ते जेमतेम नखापर्यंत गेलं. "आता इथे जागाच नाही, आई."

बाईंनी ड्रॉवरमधून हाडाची डबी काढली. नाण्याएवढी असते, कानामागच्या हाडावर टेकवतात, म्हणजे कान टाळून सूर थेट हाडातून आत जातो. पण ती टेकेना. कान आणि डोकं यांच्यात ती मावेचना. बाईंनी डबी बाजूला ठेवली. आणि मग चौदा वर्षांत कुठल्याही पेशंटच्या बाबतीत त्यांनी जे केलं नव्हतं ते केलं. लेकीचं डोकं जवळ घेतलं आणि तिच्या कानामागच्या हाडाला आपल्या कानामागचं हाड लावलं.

आधी नुसती थरथर होती. खाली पंप चालू झाल्यावर भिंतीला हात लावला की कळते तशी. मग थरथरीत अक्षरं झाली. सुपली. थोडी शांतता. सुपली. राग नाही, घाई नाही, ताट वाढून ठेवलेल्या माणसाचा आवाज. ज्याला ठाऊक आहे की जेवायला येणार, पोर जाणार कुठे.

मग ते थांबलं. फोनवर बोलताना मध्येच पलीकडे दुसऱ्या कुणी रिसीव्हर कानाला लावला हे कळावं, तसं थांबलं. पुढचा शब्द सुपली नव्हता.

बाई झटक्यानं मागे सरल्या. त्यांची पाठ बूथच्या भिंतीला लागली.

"आई, तुला पण आलं?" सुपलीनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. इतके दिवस ती एकटीच होती ना.

"नाही," बाई म्हणाल्या. "काही नाही आलं."

५

"कानवाल्या बाई असून तुम्ही हे बोलता?" सर्जन चिडले. "इतके सुंदर बसलेत कान."

"दुखतं तिला. झोपत नाही." बाई आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरशी खोटं बोलत होत्या, आणि ते त्यांना इतकं सहज जमलं की त्यांनाच नवल वाटलं. "महिनाच झालाय. दोरे कापले तर परत येतील ना?"

"बरेचसे येतील. अजून तिथला व्रण जून झालेला नाही." त्यांनी सुपलीकडे बघितलं. "काय गं, तुला काय पाहिजे?"

सुपलीनं आईकडे बघितलं. आई जे म्हणेल ते, असं ते बघणं होतं. महिन्यापूर्वी याच बघण्यासाठी बाईंनी काय दिलं नसतं. आता त्यांना ते बघवेना.

गुरुवार सकाळची वेळ मिळाली. त्या दिवशी सोमवार होता. झोपेत सुपलीला काही होत नसे, ती ढाराढूर झोपायची, प्रश्न जागेपणीचा होता. आणि एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली होती. कुणी तिच्याशी बोलत असलं की ती त्याचंच ऐके. एका वेळी एकाचंच ऐकायची शिस्त होती तिला.

म्हणून बाई बोलत राहिल्या. रजा टाकली आणि बोलत राहिल्या. पाढे म्हटले, औषधांच्या खोक्यांवरचं वाचलं, आपल्या लहानपणच्या सगळ्या फजित्या सांगितल्या, त्या संपल्यावर खोट्या रचल्या. पाण्याचा घोट घ्यायचा तर नवऱ्याला खूण करायच्या आणि तो चष्म्याचे नंबर म्हणायला लागायचा. बुधवारी बाईंचा आवाज फाटक्या कागदासारखा झाला.

"मी बोलतो आता," नवरा म्हणाला, आणि काय बोलावं सुचेना म्हणून म्हणाला, "मला पण लहानपणी कुणीतरी हाक मारायचं गं सुपले. दुपारचं. मी कधी लक्षच दिलं नाही." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. त्यानं आपल्या कानाला हात लावला आणि बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

गुरुवारी दोरे कापले. आठ दिवसांनी बँडेज निघालं. डावा अठ्ठावीस, उजवा सत्तावीस. सुपलीनं आरशात बघितलं आणि ती रडली, आणि तिला जवळ घेऊन बाईही रडल्या. आपण लेकीला वाचवलं आणि तिचं हसू घेतलं, हे दोन्ही त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याबद्दल त्या तिची आयुष्यभर माफी मागायला तयार होत्या.

६

रविवारची दुपार. नवरा दुकानात गेला होता. बाईंनी ताटं वाढली आणि हाक मारली.

काही नाही. आत कागद खसखसला.

दुसरी हाक. काही नाही.

बाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. कानामागे टाकतेय मेली. टाक बाई, सगळं टाक. तिसऱ्या हाकेसाठी त्यांनी श्वास घेतला.

"ओ," त्या म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण हाक मारली नाही, हाकेला उत्तर दिलं. त्यांनी गॅस बंद केला, कारण गॅस चालू ठेवून जाऊ नये. आपण दमलोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तीन दिवस अखंड बोलल्यावर कुणाच्याही डोक्यात आवाज राहतात. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. असं सांगता सांगता त्या बोळातून दाराशी आल्या होत्या आणि पायांत चपला होत्या.

त्यांनी बोट उचलून आपल्या कानामागे घालून बघितलं. नखसुद्धा गेलं नाही. कधीच गेलं नसतं.

पायऱ्या त्यांनी मोजल्या नाहीत, माहीतच होत्या. लहानपणी खेळ अर्ध्यावर टाकून त्या अशाच धावत घरी जायच्या, पहिल्याच हाकेला, आणि दारात उभी असलेली आई शेजारणीला म्हणायची, बघितलंत? तशीच हाक होती ही. बूथमध्ये ऐकलेलं त्यांचं ते घरचं नाव आता जगात कुणाला ठाऊक नव्हतं. राग नव्हता, घाई नव्हती. ताट वाढलं होतं.

पंपाच्या खोलीच्या कडीला नवऱ्यानं लावलेलं कुलूप होतं, उघडं. आत ओलसर गार होतं आणि पंप बंद होता. झाकण आज हातभर सरकलेलं होतं. खालच्या काळोखात पाणी असायला हवं होतं, पण पाण्याचा आवाज येत नव्हता. पाणी हलतं तेव्हा जो आवाज येतो तो कुणीतरी धरून ठेवला असावा, अशी ती शांतता होती. बूथमध्ये असते तशी.

"आई," वरून सुपलीची हाक आली. तिला भूक लागली असणार. ताटावर कुणी नाही हे आता तिला दिसलं असणार.

बाईंनी वर बघायचं ठरवलं. मान वळली नाही. एका वेळी एकाचंच ऐकायचं असतं, आणि त्यांना आधीच कुणीतरी बोलावलं होतं.

"आई गं," दुसरी हाक. जिन्यातून, जवळून.

बाई गुडघ्यावर बसल्या आणि झाकणाच्या कडीत बोटं घातली. दोन गडी लागायचे ते झाकण त्यांच्या हाताला हलकं लागलं, कारण खालूनही कुणीतरी जोर लावत होतं.

"आई," सुपलीची तिसरी हाक आली, चढ्या आवाजात, हुबेहूब बाईंसारखी. "ऐकतेस ना?"

"ओ, आले," बाई म्हणाल्या, खाली बघून.